निष्कलंकतेची हौस

नव्याचे नऊ दिवस अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यानें रचली त्याच्या दारीं काळी मोटार नसावी. असती तर त्यानें नऊचा आंकडा बराच खालीं आणला असता. गेल्या दसऱ्याला आमच्या बदलापूरच्या घरीं नवी मोटार आली. तिचा रंग काळा. शुभ दिवशीं घरीं येणारी वस्तु काळी नसावी, अशी वडीलधाऱ्या मंडळींची इच्छा होती. परंतु काळ्या रंगांत जी खोल चकाकी दिसते तिची आम्हांस भुरळ पडली, आणि आम्हीं आपल्या बुद्धिवादाचा आधार घेऊन ती इच्छा मोडली. गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचें स्वस्तिक निघालें, चाकांखालीं लिंबें ठेवलीं गेलीं, झेंडूची माळ चढली. त्या सायंकाळीं गाडीच्या अंगावर समोरच्या इमारतीचे सज्जे, तेथें वाळत घातलेले कपडे आणि आमचा स्वतःचा संतुष्ट चेहरा, हें सर्व आरशांतल्याप्रमाणें स्वच्छ दिसत होतें.

पुढें तीन महिन्यांनीं एका रात्रीं पेट्रोल पंपावरील प्रखर दिव्याखालीं गाडी उभी असतां आम्हांस असें दिसलें कीं, त्या आरशावर जणूं कोळ्यानें जाळें विणलें आहे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं बारीक, चकाकत्या रेषांचीं वर्तुळेंच वर्तुळें पसरलेलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं उन्हांत पाहिलें, तों सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतींही तोच प्रकार. ह्या धंद्यांतले लोक ह्या खुणांस ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. आपण त्यांस साध्या मराठींत चरे म्हणूं.

मोटारीच्या कांतीवरील केसाहून बारीक चऱ्यांची चिंता करणाऱ्या प्राध्यापकाची कीव करावी कीं त्याचा राग धरावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. दोन्ही गोष्टी योग्य होतील. परंतु ह्या चऱ्यांच्या पायीं आमच्या हातून एका माणसावर अन्याय झाला. आणि तो कसा झाला ह्याचा विचार करतां करतां दोष म्हणजे काय, तो काढणें म्हणजे काय, आणि निष्कलंकतेची हौस माणसास कोठवर शोभते, हा जुना प्रश्न आमच्यापुढें नव्यानें उभा राहिला. तो वाचकांपुढें मांडावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमच्या इमारतींतल्या पंधरा-वीस गाड्या रोज पहाटे एक गृहस्थ पुसून जात. चाळिशीचे असतील. साडेपांचाच्या सुमारास येत, एका बादलींत सर्व काम उरकीत, आणि आठाच्या आंत अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतल्या आपल्या नोकरीवर जात. आतां आम्ही त्यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनानें करीत आहों. त्या दिवशीं केला नव्हता. आम्हीं त्यांस गाडीपाशीं बोलाविलें आणि म्हटलें, “गोल गोल फडकं फिरवून नव्या गाडीची वाट लावलीस.” ते म्हणाले, “सर, मी गोल फिरवीतच नाहीं. सरळ पुसतों, पुढून मागें.” आम्हीं विचारलें, “मग हीं वर्तुळं काय आकाशांतून पडलीं?” त्यांनीं वाकून पाहिलें. वर्तुळें होतीं हें त्यांसही नाकारतां येईना. ते गप्प राहिले. त्याच वेळीं जिन्यावरून उतरणारे दोन शेजारी थांबले होते. त्यांच्या देखत आम्ही म्हणालों कीं, चूक झाली तर झाली, पण खोटें बोलूं नये. महिन्याचे पैसे चुकते करून उद्यांपासून येऊं नकोस असें सांगितलें. “बरं, सर,” एवढेंच बोलून ते बादली उचलून गेले.

नंतरच्या रविवारीं आम्ही गाडी घेऊन उल्हासनगरास निघालों. उल्हासनगराविषयीं मुंबईकरांत थट्टेचेच बोल अधिक ऐकूं येतात. परंतु त्या गांवाचा जन्म थट्टेचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या पडल्या; १९४७ सालीं फाळणी झाल्यावर सिंधमधून निर्वासित झालेलीं कुटुंबें त्या ओसाड बराकींत आणून ठेवण्यांत आलीं; आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अजूनही तेथले पत्ते ‘कॅम्प नंबर’ ह्या शब्दांनींच सांगितले जातात. ज्यांचें सर्वस्व गेलें होतें त्यांनीं दुसऱ्यानें टाकलेली, मोडलेली, जुनी झालेली वस्तु पुन्हां बाजारांत उभी करण्याची विद्या येथें हस्तगत केली, ह्यांत नवल कसलें? आम्ही ज्या दुकानीं गेलों तेथील कारागीरही अशाच एका कुटुंबांतला, तिसऱ्या पिढीचा.

त्यानें गाडी सावलींत घेतली, प्रथम नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानें धुतली, मग हातांत एक लहान पण प्रखर दिवा घेऊन तो बॉनेटवर धरला. वर्तुळें दिसलीं. आम्ही विजयानें म्हणालों, “पाहा, कशी गोल गोल पुसली आहे!” तो हंसला आणि कांहीं न बोलतां दिवा हातभर डावीकडे नेला. वर्तुळेंही डावीकडे गेलीं. दिवा उजवीकडे आणला. वर्तुळें उजवीकडे आलीं. जेथें दिवा तेथें वर्तुळांचें केंद्र. “साहेब,” तो म्हणाला, “चरे गोल नसतात. सगळीकडे, सगळ्या दिशांनीं असतात. जे दिव्याला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतात. सरळ पुसा, आडवं पुसा, दिसणार गोलच.”

येथें आम्हांस आपली लाज वाटली ती दुहेरी. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. जॉर्ज एलियट ह्या टोपणनांवानें लिहिणाऱ्या विदुषीची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी १८७१-७२ सालीं प्रसिद्ध झाली. ती आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविली आहे. तिच्या सत्ताविसाव्या प्रकरणाच्या आरंभीं नेमका हाच दृष्टांत आहे. घरकाम करणाऱ्या मोलकरणीनें घांसघांसून चकचकीत केलेल्या आरशावर सर्व दिशांनीं असंख्य बारीक चरे असतात. पण त्याजवळ एक मेणबत्ती आणून ठेवली कीं, ते सर्व चरे तिच्याभोंवतीं वर्तुळाकार मांडले असल्याचा भास होतो. लेखिकेच्या मतें मेणबत्ती म्हणजे माणसाचा अहंकार आणि चरे म्हणजे जगांतल्या घटना. हा उतारा आम्हीं फळ्यावर आकृति काढून समजावून दिला आहे, त्यावर परीक्षेंत प्रश्न काढले आहेत, आणि उत्तरांचे गुण कापले आहेत. परंतु तोच दृष्टांत आमच्या दारांत, आमच्याच गाडीवर साक्षात् उभा राहिला तेव्हां आम्हीं तो ओळखला नाहीं. हातांत मेणबत्ती धरून आम्ही एका कष्टकरी माणसास खोटा म्हणालों. तो खरें बोलत होता. त्याच्याजवळ फक्त प्रकाशशास्त्र नव्हतें, आणि आमच्याजवळ तें असून उपयोगी पडलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, दिशेविषयीं तो खरा असेल, पण चरे त्याच्याच हातून पडले कीं नाहीं? हा प्रश्न आम्हींही कारागिरास विचारला. त्याचें उत्तर असें. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे बारीक कण असतात आणि ते रंगावरील पारदर्शक थरापेक्षां पुष्कळ कठीण असतात. ती धूळ पाण्यानें आधीं वाहवून न टाकतां फडकें चालविलें कीं, फडक्याचें कानस होतें. बदलापुरास जिकडे तिकडे नव्या इमारतींचीं कामें चालू. वाळू, सिमेंट आणि दगडाची भुकटी वाऱ्यावर उडते ती रात्रींतून गाड्यांवर बसते. अशी धूळ पुसावयास पाणी मुबलक हवें. आमच्या इमारतीचा नियम काय? तर उन्हाळ्यापावसाळ्यांत केव्हांही गाड्यांसाठीं नळी लावावयाची नाहीं. एक बादली, तींतच सर्व गाड्या. तो नियम ज्या सभेंत झाला तींत आम्हीं हात वर केला होता. घरीं येऊन ही हकीकत सांगितली तेव्हां आमच्या सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, “अहो, त्यांचं फडकंही आपल्याच घरचं होतं. जुना टॉवेल मीच दिला होता.” आणि थोड्या वेळानें त्यांनीं आठवण दिली कीं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं स्वस्तिकाचें वाळलेलें कुंकू कोरड्या फडक्यानें खसखसून कोणीं पुसलें होतें. तें आम्हींच पुसलें होतें.

असा हा खटला. न्यायाधीश आम्ही, फिर्यादी आम्ही, आणि आतां पाहूं जातां आरोपींत पहिलें नांव आमचेंच. परंतु वैयक्तिक कबुलीजबाब देऊन लेख संपवावा अशी आमची इच्छा नाहीं. कारागिरानें पुढें जें सांगितलें त्यांत ह्या प्रश्नाचें मर्म आहे.

आम्हीं त्यास म्हटलें, “चरे काढून टाका.” तो म्हणाला, “काढून कसे टाकणार? चरा ही वस्तु थोडीच आहे?” हें वाक्य आम्हांस कोणत्याही तत्त्वज्ञाच्या वाक्याइतकें मोलाचें वाटतें. डाग आणि चरा ह्यांत मोठा भेद आहे. डाग म्हणजे पृष्ठभागावर बसलेली कांहीं अधिक वस्तु. ती पुसून काढतां येते आणि खालची वस्तु जशीच्या तशी राहते. चरा म्हणजे उणीव. जें होतें तें तेथून गेलेलें असतें. उणीव काढावयाची कशी? एकच मार्ग आहे: तिच्या आजूबाजूचा सर्व निर्दोष पृष्ठभाग घांसून तिच्या तळाइतका खालीं आणावयाचा. मोटारीच्या रंगावर संरक्षणासाठीं जो पारदर्शक थर दिलेला असतो तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. म्हणजे सगळा मिळून तो माणसाच्या केसाहून पातळच. यंत्रानें केलेल्या एका रबिंगांत त्यांतले एक-दोन, कधीं तीन मायक्रॉन जातात. गाडी पुन्हां आरशासारखी दिसते; पण ती पहिल्यासारखी झाली असें नव्हे, ती पहिल्याहून पातळ झाली. “यंदा काढलं तर निघेल, साहेब,” तो म्हणाला, “पण दरवर्षीं काढाल तर एक दिवस रंगच निघेल.”

चकाकी म्हणजे काय, ह्याविषयीं न्यूटननें आपल्या १७०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथांत एक मार्मिक विचार मांडला आहे. कांच वाळूनें किंवा दुसऱ्या भुकटीनें घांसून गुळगुळीत करतात तेव्हां ती भुकटी कितीही बारीक असो, तिला खरवडण्यावांचून दुसरें कांहीं करतां येत नाहीं. चरे नाहींसे होत नाहींत, ते डोळ्यांस दिसणार नाहींत इतके बारीक होतात, एवढेंच. म्हणजे निष्कलंक पृष्ठभाग असा कोठें नाहींच. ज्याचे चरे आमच्या डोळ्यांच्या शक्तीबाहेरचे आहेत त्यास आम्ही निष्कलंक म्हणतों.

हें सर्व माणसाच्या चारित्र्यास लागू करून पाहावें. माणसांतले कांहीं दोष डागासारखे असतात. वाईट संगतीनें लागलेली संवय, अज्ञानानें धरलेला ग्रह, आळसानें सांचलेली धूळ, हीं वरून बसलेलीं असतात. उपदेशाच्या नुसत्या पाण्यानें नाहीं तरी थोड्या साबणानें निघून जातात, आणि तीं न काढणें हा आळसच होय. परंतु कांहीं दोष चऱ्यासारखे असतात. तेथें माणसाचें कांहीं तरी गेलेलें असतें. लहानपणीं झालेली अवहेलना, वेळीं न मिळालेलें प्रेम, हातून गेलेली संधि, ह्यांनीं माणूस कोठें चिडखोर, कोठें भित्रा, कोठें कंजूष झालेला असतो. असा दोष आपण ‘काढून टाकूं’ जातों तेव्हां त्याच्या सभोंवारचा चांगुलपणाही घांसत असतों, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. चिडखोर मुलास इतकें घांसावें कीं, त्याचा राग जावा, पण त्याबरोबर अन्यायाची चीडही जावी. भोळ्या माणसास इतकें शहाणें करावें कीं, त्याचा विश्वासूपणाही उरूं नये. अशीं उदाहरणें कोणत्या कुटुंबांत नाहींत?

आम्हांस आमच्याच धंद्यांतलें एक उदाहरण आठवतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं कर्जतकडच्या एका खेड्यांतून आलेला एक विद्यार्थी आमच्या वर्गांत होता. त्याचें इंग्रजी चुकीचें असे, परंतु त्याच्या निबंधांत शेत, ओढा, बाजारचा दिवस हें सर्व जिवंत दिसे. आम्हीं दोन वर्षें तांबड्या शाईनें त्याच्या वह्या घांसल्या. शेवटीं तो बिनचूक लिहूं लागला. त्याचा अखेरचा निबंध आम्हीं वाचला तेव्हां त्यांत एकही चूक नव्हती, आणि तो विद्यार्थीही नव्हता. गुण भरपूर दिले. आज वाटतें, त्या वेळीं आम्हीं जाडी मोजण्याचें यंत्र जवळ बाळगावयास हवें होतें.

चरे नाहींसे दिसावे म्हणून आणखी एक युक्ति आहे. तेलकट मलम लावून चरे भरून टाकावयाचे. गाडी लखलखते, गिऱ्हाईक खूष होतें. चार-सहा वेळां धुतल्यावर मलम निघून जातें आणि चरे होते तेथेंच दिसूं लागतात. समाजांत अशा भरणीचा उपयोग मोठा. गोड शब्द, उपचाराची क्षमायाचना, श्राद्धापुरता काढलेला गौरव, हें सर्व भरणीचें काम. तें सर्वस्वीं त्याज्य आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शिष्टाचार नसता तर एका इमारतींत पन्नास कुटुंबें राहूं शकलीं नसतीं. मात्र भरणी लावून दुरुस्तीचे पैसे घेणें ही फसवणूक. आणि नीतीच्या क्षेत्रांत ती फसवणूक बहुधा आपण स्वतःशींच करतों.

काळ्या गाडीवरच चरे इतके कां दिसतात, हाही प्रश्न विचार करण्यासारखा आहे. पांढऱ्या गाडीवर चरे कमी पडतात असें मुळींच नाहीं. वरचा पारदर्शक थर दोहोंवर सारखाच. परंतु पांढरा रंग स्वतःच सर्व बाजूंनीं इतका प्रकाश फेंकतो कीं, चऱ्याची बारीक चकाकी त्यांत बुडून जाते; काळा रंग प्रकाश गिळतो, म्हणून त्यावर प्रत्येक रेघ उठून दिसते. आम्ही पांढरपेशे लोक. आमच्या उशिरा येण्यास अडचण म्हणतात, विसरण्यास व्यग्रता म्हणतात, आणि खोटें बोलण्यास वेळ निभावून नेणें म्हणतात. गाडी पुसणाऱ्याच्या, भांडीं घांसणाऱ्या बाईच्या, रखवालदाराच्या हातून तेंच घडलें तर त्यास आळस, हलगर्जी आणि लबाडी हीं सरळ नांवें मिळतात. चरे दोघांसही सारखेच, पार्श्वभूमि निराळी. आपण ज्यास चारित्र्याची पारख म्हणतों ती कित्येकदां केवळ रंगाची पारख असते.

त्याच दिवशींची आणखी एक गोष्ट. दुकानाच्या पलीकडे जीन्सच्या विजारींचे गठ्ठे रचलेले होते. उल्हासनगर हें जीन्सच्या धंद्याचें मोठें ठाणें. नवें कोरें, गर्द निळें कापड शिवावयाचें, आणि मग तें जुनें दिसावें म्हणून धुऊन, रसायनें लावून, गुडघ्यांवर कागदानें घांसून विटवावयाचें! एका दुकानीं नव्यावरची झीज घालविण्यासाठीं पैसे, शेजारीं नव्यावर झीज आणण्यासाठीं पैसे. प्रथम आम्हांस ह्या विसंगतीचें हंसूं आलें. मग वाटलें, ही विसंगति नव्हे. दोन्हीकडे हौस एकच आहे: न जगतां जगल्याचें दिसावें, किंवा जगूनही न जगल्यासारखें दिसावें. विटलेल्या विजारीस श्रमाची शोभा हवी, पण श्रम नकोत. चकचकीत गाडीस प्रवास हवा, पण धूळ नको. आणि दोन्ही हौशींचें मोल तिसरेंच कोणी तरी भरीत असतें. कापड धुण्याच्या कारखान्यांचें रंगीत पाणी वालधुनी नदींत जाऊन तिची काय दशा झाली हें ह्या भागांतल्या लोकांस सांगावयास नको. तुर्कस्तानांत वाळूच्या फवाऱ्यानें जीन्स विटविणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत ती भुकटी बसून माणसें दगावलीं, तेव्हां २००९ सालीं त्या पद्धतीवर तेथें बंदी आली.

परतीच्या वाटेवर अंबरनाथास शिवमंदिरापाशीं थांबलों. तेंही काळेंच. ह्याच भागांतला काळा पाषाण, ह्याच वालधुनीचा कांठ. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख तेथें आहे आणि त्यांत शिलाहार राजा मुम्मुणी ह्याचा उल्लेख आहे. साडेनऊशें पावसाळे ह्या दगडावरून गेले. कित्येक मूर्तींचे चेहरे पुसट झाले आहेत, कोणाचा हात नाहीं, कोणाचें आयुध नाहीं. शिखर तर अपुरेंच उभें आहे. गाभाऱ्यांत उतरणाऱ्या पायऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या पडलेल्या पावलांनीं दगड मऊ झाल्यासारखा वाटतो. ह्या मंदिरास नवेपणा आणावा म्हणून कोणी यंत्र लावून त्याच्या भिंती गुळगुळीत करूं लागला, तर आपण त्यास वेडा म्हणूं. कारण झीज जाईल, पण तिच्याबरोबर उरलेलें शिल्पही जाईल. येथें पुरातत्त्वखात्याचें काम घांसण्याचें नव्हे, राखण्याचें आहे: पाणी मुरूं नये, झाड उगवूं नये, चिरा ढळूं नये.

ह्यावरून एक नियम निघतो असें आम्हांस वाटतें. दोषाचे दोन प्रकार करावे: जो पुढें वाढत जाऊन वस्तूचा नाश करील तो, आणि जो केवळ ती वस्तु जगांत वावरली एवढेंच सांगतो तो. गाडीच्या पत्र्यास गंज चढूं लागला तर रात्रींचा दिवस करून तो काढावा. तसेंच क्रौर्य, लांच, विश्वासघात ह्यांना ‘वापरल्याच्या खुणा’ म्हणून सोडून देणारी सहिष्णुता ही सहिष्णुता नव्हे. परंतु धूळ उडणाऱ्या रस्त्यावरून चालणारी गाडी आणि संसारांतून चालणारा माणूस ह्यांच्या अंगावर कांहीं चरे येणारच. तेथें आधीं पाणी, मग मऊ फडकें, आणि रबिंग अगदीं शेवटीं, फार क्वचित्. असा क्रम ठेवावा. आणि सर्वांआधीं दिवा थोडा हलवून पाहावा.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. “हा उपदेश आपल्याच दोषांस लागू केला तर निर्लज्जपणास आयती सबब मिळेल,” असें कोणी म्हणेल. म्हणून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तूवरचा चरा आणि माणसावर केलेला अन्याय ह्या दोन गोष्टी एका मापानें मोजतां येत नाहींत. चऱ्याशीं आपण जमवून घेऊं शकतों, कारण तो आपल्या मालकीचा आहे. अन्याय आपल्या मालकीचा नसतो. तो ज्याच्यावर झाला त्याच्या अंगावर असतो. त्याच्याशीं ‘जमवून घेण्याचा’ अधिकार आपणांस नाहीं. आपल्या मनास लागलेली बोंचणी विचारांनीं घांसून गुळगुळीत करणें, आणि ह्यावर एखादा लेख लिहिणें, हें सर्व आपल्याच बाजूचें काम झालें. पलीकडच्या बाजूस चरा तसाच असतो.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांचा शोध घेत गेलों. ते आतां स्टेशनच्या पलीकडील दुसऱ्या एका संकुलांतल्या गाड्या पुसतात असें कळलें. पहाटे जाऊन गांठ घेतली. चरे गोल नसतात हें आम्हीं त्यांस सांगूं लागलों, तेव्हां ते किंचित् आश्चर्यानें आमच्याकडे पाहत राहिले. तें त्यांस ठाऊकच होतें. आम्हीं म्हटलें, “तुम्ही खरं बोललांत, आणि आम्हीं तुम्हांला खोटं ठरविलं. आमची चूक झाली.” तीन महिन्यांचे पैसे पाकिटांत घातले होते, तें पुढें केलें. त्यांनीं तें घेतलें नाहीं. म्हणाले, “पैसे राहूं द्या, सर. त्या दोघांना सांगाल का?”

आम्हांस क्षणभर कळेना. मग उमगलें. जिन्यावर थांबलेल्या त्या दोघां शेजाऱ्यांनींही पुढल्या आठवड्यांत त्यांचें काम बंद केलें होतें, आणि त्यांचें ऐकून आणखी तिघांनीं. काम चुकणाऱ्यास पुन्हां काम मिळतें; खोटें बोलणाऱ्यास पहाटे अंधारांत लोकांच्या गाड्यांपाशीं कोण जाऊं देईल? आम्ही पैशांचें पाकीट घेऊन गेलों होतों. गेलें होतें तें त्यांचें नांव. आमची भरणी चऱ्याच्या आकाराचीही नव्हती.

इमारतीच्या पुढील मासिक सभेंत, पाणी आणि लिफ्ट हे विषय संपल्यावर, आम्हीं उभें राहून झालेली हकीकत सांगितली. दिव्याचा प्रयोगही करून दाखविण्याची तयारी दर्शविली. कांहीं सभासद हंसले. एका वकील मित्रांनीं एवढ्याशा गोष्टीस ठराव हवा कशाला असें विचारलें. ठराव झाला नाहीं. परंतु गाड्यांसाठीं दोन बादल्यांची परवानगी मिळाली, एक गाळ बसण्यासाठीं आणि एक स्वच्छ पाण्याची. आणि त्या पांचांपैकीं तिघांनीं त्या गृहस्थांस पुन्हां बोलावून घेतलें. आमच्याकडे मात्र ते आले नाहींत. वेळ बसत नाहीं, असें त्यांनीं नम्रपणें कळविलें. वेळ बसत नसेलही. त्याचा अधिक शोध घेण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कारागिराकडून आम्हीं एकदांच, हलक्या हातानें रबिंग करून घेतलें. वरवरचे चरे गेले. खोल होते ते त्याच्या सल्ल्यानें तसेच ठेवले. गाडी आतां रविवारीं आम्हीच धुतों. वयोमानानें कंबर दुखते, आणि पंधरा गाड्या रोज पुसणाऱ्याच्या कंबरेचा विचार तेव्हां सहज मनांत येतो. पेट्रोल पंपावरच्या दिव्याखालीं कांहीं वर्तुळें अजून दिसतात. पूर्वीं तीं दिसलीं कीं आम्ही पुसणारा कोण हें शोधीत असूं. आतां एक पाऊल बाजूस सरून पाहतों. वर्तुळें आमच्याबरोबर सरतात.